पेन्सिलचा चेहरा

३ फेब्रुवारी, मंगळवार

चेहरा दाखवायचा नाही म्हणे! आवाज चालेल, हात चालतील, पाठ चालेल. चेहरा तेवढा नको.

सरांनी भर वर्गात चिठ्ठी वाचून दाखवली. पेन्सिलच्या वडिलांची. वहीतला फाडलेला कागद, टपोरं अक्षर, खाली सही. 'मुलीने गायलेल्या गाण्याच्या व्हिडिओत तिचा चेहरा दिसू नये, ही विनंती.' विनंती म्हणायचं आणि गळा दाबायचा. वा!

दोन दिवस राबलोय आम्ही शूटिंगला. शेवटच्या सत्राचे सगळे गुण या एका व्हिडिओवर – चार मिनिटं दहा सेकंदांचं गाणं, तिघांचा गट. गाणं पेन्सिलचं. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. कॅमेरा तिपाईचा. तो मुलगा कुठेही उभा राहिला की एक खांदा भिंतीला टेकवतो, म्हणजे दोन पाय आणि एक भिंत – म्हणून तिपाई. दिग्दर्शन आणि संपादन माझं. दोनशे चौदा क्लिप्स आहेत. त्यातून आता गाणारीच वगळायची. जीव काढून घ्या आणि मढं सजवा.

पेन्सिल बाकावर नखाने रेघा ओढत बसली होती. उंच, काटकुळी, आणि लाजली की कानाची टोकं लाल होतात – नाव उगाच पडलेलं नाही. आज कान लालच होते. तोंडातून चकार शब्द नाही. बापाने तिच्या वतीने बोलून टाकलंय ना सगळं!

मी उभी राहून विचारलं, हे कसं चालेल? सर म्हणाले, पालकांचं पत्र आहे, आहे त्यात भागव, एकवीस तारखेला सभागृहात दाखवायचंय, वेळ भरपूर आहे.

मी भागवणाऱ्यांतली नाही. घरात मला कात्री म्हणतात.


४ फेब्रुवारी, बुधवार

लॅब नऊ ते सहा. माझं मशीन खिडकीजवळचं. पंखा घरघरतो, माउसचं डावं बटण दोनदा दाबावं लागतं, पण पडद्याचे रंग खरे दिसतात, म्हणून मी ते कुणाला देत नाही.

आज नुसती जुळवाजुळव. शूटिंगच्या वेळी गाणं स्पीकरवर लावलं होतं आणि पेन्सिल त्याबरोबर गात होती. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला तिपाईने टाळी वाजवलीय. सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची रेघ दिसते, त्यात ती टाळी सुळक्यासारखी उभी असते. तो सुळका आणि हात मिटल्याची फ्रेम एकावर एक आणली की ओठ आणि सूर जुळतात. सेकंदाला पंचवीस फ्रेम्स. त्यातल्या दोन जरी इकडच्या तिकडे झाल्या तरी माणूस खोटं गातोय असं वाटतं. कुणाला सांगता येत नाही काय चुकलंय, पण वाटतं.

मग दोन कप्पे केले. 'चेहरा आहे' – एकशे अडुसष्ट. 'चेहरा नाही' – शेहेचाळीस. आणि त्या शेहेचाळिसातल्या निम्म्या तिपाई कॅमेरा खांद्यावरून उतरवत असतानाच्या!

दुपारी पेन्सिल येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली. मी म्हणाले, मी बोलते तुझ्या वडिलांशी. ती एकदम म्हणाली, नको. मग म्हणाली, जाऊ दे ना, हातांचं छान होईल, पाठीचंही होईल. मी म्हणाले, घाबरू नकोस, मी आहे.

माझी ही मैत्रीण पहिल्या वर्षापासूनची. वर्गात पहिल्या दिवशी ती शेवटच्या बाकावर बसली होती, मी हाताला धरून पुढे आणली. जेवणाच्या सुट्टीत गुणगुणत होती, मीच सगळ्यांना गप्प करून तिला गायला लावलं. मी नसते तर तिचा आवाज कुणाला कळलाही नसता.


५ फेब्रुवारी, गुरुवार

सॉफ्टवेअर चार वेळा बंद पडलं. मी पाचव्यांदा उघडलं. बघू कोण आधी दमतं!


७ फेब्रुवारी, शनिवार

लॅब बंद. घरी नुसती धुसफुस.

आई कामावरचा गणवेश इस्त्री करत होती. ती दवाखान्यात, औषधांच्या खिडकीवर असते. तिला सगळं सांगितलं – पत्र, सर, शेहेचाळीस क्लिप्स. तिने विचारलं, मुलीचं काय म्हणणं आहे? मी म्हणाले, तिचं काय म्हणणं असणार, बापापुढे बोलायची सोय आहे का तिला? आई म्हणाली, "तू विचारतेस खरी, पण उत्तर तुझ्याकडे आधीच तयार असतं." आणि कॉलर उलटी करून इस्त्री फिरवायला लागली.

बाबा आतल्या खोलीत टीव्ही बघत होते. बातम्या. आवाज मोठा.

हे इथे लिहूनच टाकते, कारण कुठे बोलता येत नाही. आठवीत शाळेच्या कार्यक्रमात आमचा नाच होता. मी मधली. दीड महिना तालीम केली होती. पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी बाबा बाजूच्या दाराने आत आले, बाईंशी काहीतरी बोलले आणि माझ्या दंडाला धरून मला खाली उतरवलं. कारण? 'इतक्या लोकांसमोर नको.' एवढंच. मी नाचाच्या कपड्यांतच घरी आले. रस्त्याने. घुंगरू पायात. मागे सभागृहात आमचंच गाणं लागलं होतं आणि वळणापर्यंत ऐकू येत होतं.

बाबांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीही नाही. पण मी तेव्हा रस्त्यात ठरवलं होतं – नंतर कधी कुणाचा बाप असा हात धरायला आला, तर मी मध्ये उभी राहणार.

तर ठरलं. दोन व्हिडिओ होतील. एक त्यांना हवा तो, बिनचेहऱ्याचा. आणि एक खरा.


९ फेब्रुवारी, सोमवार

खऱ्या व्हिडिओच्या फाइलला नाव दिलं – 'भाजीची यादी'. लॅबच्या मशीनवर कोण कशाला उघडेल!

काम सुरू केलं आणि दिवस कुठे गेला कळलं नाही. गाण्याचं धृपद आहे – 'पाठ फिरव, मग सांगते'. लाजऱ्या मुलीचं प्रेमगीत. मी ते उलटं केलंय. जिथे ती 'पाठ फिरव' म्हणते तिथेच मी थेट तिच्या चेहऱ्यावर जाते. कट! काटा आला अंगावर. काय चेहरा आहे पोरीचा! एरवी कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही, पण गाताना नाकाच्या शेंड्यापासून गळ्यापर्यंत काहीतरी पेटतं. आणि हे लपवायचं?

कटकटही आहे. पेन्सिलला कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय नाही. चांगला सूर लागतो आणि नेमकी ओळ संपता संपता ती मान वळवते. किंवा हात तोंडाशी नेते. प्रत्येक क्लिपची शेपटी छाटावी लागते. १३७ नंबरची क्लिप सगळ्यांत सुंदर. तिसरं कडवं, अगदी जवळून, डोळे मिटलेले. शेवटी ती डोळे उघडून सरळ भिंगात बघते आणि काहीतरी म्हणते. स्पीकरच्या आवाजात ऐकू येत नाही, पण ओठांवरून 'बस' असं काहीतरी वाटतं. दमली असेल. पाच तास उभी होती. मी पापणी हलण्याच्या अकरा फ्रेम्स आधी कापलं. आता ती डोळे मिटलेलीच राहते आणि आपण थेट खिडकीवर जातो.

कुणाला कळणारही नाही तिथे कात्री लागलीय. मला येतं हे काम. येतं!


११ फेब्रुवारी, बुधवार

तिपाईने पकडलं. पाणी प्यायला गेले होते, परत आले तर हा माझ्या मशीनला खांदा टेकवून उभा. पडद्यावर पेन्सिलचा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

त्याला वाटलं बाप येऊन तमाशा करेल. मी म्हणाले, करू दे. मग त्याने विचारलं, "तिला माहीत आहे?"

नाही माहीत. मी त्याला समजावलं – तिला सांगितलं तर तिला घरी खोटं बोलावं लागेल. कळलंच नाही तर तिच्यावर बोलही येणार नाही. सगळा दोष माझा. न सांगणं हीच मदत आहे. तो म्हणाला, शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी ती त्याला म्हणाली होती, कॅमेरा जरा लांबून लाव. मी म्हणाले, मग? नव्या माणसाला पाण्यात उतरवताना तोही ओरडतोच. नंतर पोहायला लागतो.

त्याने खांदे उडवले. कुणाला सांगणार नाही म्हणाला. भित्रा आहे, पण चुगलखोर नाही.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

पेन्सिलने माझ्या खुर्चीसाठी उशी आणली. खुर्चीचा पत्रा टोचतो म्हणून मी कधीतरी कुरकुरले होते. तिचे वडील शिंपी आहेत – उरलेल्या कापडांच्या तुकड्यांची, चारी बाजूंनी नीट दुहेरी टीप घातलेली उशी. म्हणजे हे गोड गोड वागून आमचं तोंड बंद करणार! पण उशी छान आहे. बसलेय तिच्यावरच.

तिला बिनचेहऱ्याचा व्हिडिओ दाखवला. अर्धाच झालाय. तिची पाठ, मानेवरचे केस, खिडकीच्या गजांवर ताल धरणारी बोटं, रिकामं जिन्याचं वळण आणि त्यावर आवाज. हेडफोन लावून दोनदा बघितला तिने. हसली. म्हणाली, "हेच छान आहे गं. आवाज किती मोठा वाटतो माझा." कान लाल.

मला रडूच यायचं बाकी होतं. किती सवय लागते माणसाला सोसायची! इतकी, की बेडीसुद्धा बांगडी वाटायला लागते.

ती गेल्यावर 'भाजीची यादी' उघडली आणि चेहऱ्याचे आणखी सहा शॉट घातले.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅबच्या बाईंनी सांगितलं, मशीनवर खाजगी फाइल्स ठेवू नयेत, कुणीतरी भाजीची यादी ठेवलीय. मी म्हणाले, माझीच, आईने सांगितलीय. त्या म्हणाल्या, तीन जीबीची भाजी?

पेनड्राइव्हवर हलवली.


१६ फेब्रुवारी, सोमवार

सरांना दाखवायचा दिवस. आधी बिनचेहऱ्याचा लावला. ते दाढी खाजवत बघत राहिले. म्हणाले, नीटनेटका आहे, कट स्वच्छ आहेत, पण जरा थंड वाटतो.

थंड वाटणारच! मी पेनड्राइव्ह लावला.

तिसऱ्या कडव्याला सर खुर्चीत पुढे सरकले. संपल्यावर म्हणाले, पुन्हा. पुन्हा लावला. १३७ नंबरच्या क्लिपशी त्यांनी थांबवायला सांगितलं, एकेक फ्रेम पुढे न्यायला लावली. विचारलं, हा कट इथे का? मी म्हणाले, इथे सगळ्यांत सुंदर आहे म्हणून. त्यांनी मान हलवली. गेल्या पाच वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने असं काम केलं नाही, असं म्हणाले. मला! मी शब्द न शब्द उतरवून ठेवतेय, कारण दोन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी 'जरा हळू बोल' सोडून दुसरं काही बोलले.

मग पत्राचा विषय निघाला. उठून त्यांनी दार लोटलं. म्हणाले, "मी हा दुसरा पाहिलेलाच नाही. सभागृहातल्या मशीनला फाइल लावायचं काम तुझ्याकडे आहे, एवढं मला माहीत आहे."

म्हणजे आगही लागावी आणि हातही पोळू नये. असो. मला त्यांच्या हिमतीची गरज नाही. माझी पुरेल दोघांना.


१८ फेब्रुवारी, बुधवार

आईच्या गणवेशाच्या बाह्या आखूड करायच्या होत्या. मुद्दाम पेन्सिलच्या वडिलांच्या दुकानात गेले. शत्रूचं तोंड बघून घ्यावं म्हणून.

जिना चढून पहिल्या मजल्यावर एक खोली. पुढे दुकान, मागे पडदा, पडद्यामागे घर. दोन मशीन, एक चालू, एक झाकलेलं. भिंतीवर खिळ्याला अडकवलेले कागदी साचे. पेन्सिलचे वडील मला वाटले होते तसे नाहीत. बुटके, चष्मा नाकावर, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून ठेवल्या, स्टूल पुढे केलं, पाणी विचारलं. बाह्यांवर खडूने खूण केली.

व्हिडिओ कसा चाललाय, असं त्यांनीच विचारलं. मी ताडकन म्हणाले, तुमच्या पत्राने अडलाय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पत्र... हं," एवढंच म्हणाले. मला वाटलं आता काहीतरी कारण सांगतील, लोक काय म्हणतील वगैरे. ते ऐकून घ्यायला मी कंबर कसूनच आले होते. पण नाही. म्हणाले, "लिहिलंय तसं झालं म्हणजे झालं, बाळ. तेवढं बघ."

बाळ म्हणे! धमकीच ती. मऊ कापडात गुंडाळलेली.

निघताना पडदा हलला. पेन्सिल घरातच असणार. बाहेर आली नाही. येऊ दिली नसेल.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

रंगांचं काम. तिच्या चेहऱ्यावरची सावली थोडी उचलली, खिडकीचा निळा कमी केला. दुसऱ्या कडव्यात तिच्या गालावर एक ओली रेघ चमकते. घाम. तशीच ठेवली. खरी वाटते.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

दोन्ही एक्स्पोर्ट झाले. एका पेनड्राइव्हवर दोन फाइल्स. उद्या बोट कुठल्या फाइलवर पडणार हे फक्त मला, तिपाईला आणि न पाहिलेल्या सरांना माहीत आहे.

भीती? छे. हात गार पडलेत, ते लॅबच्या एसीने.


२१ फेब्रुवारी, शनिवार

झालं! लावला!

सगळं क्रमाने लिहिते. सभागृह भरलेलं. पालक, शिक्षक, पहिल्या वर्षाची सगळी पोरं. मी मागे, मशीनच्या कट्ट्यावर. आमचा व्हिडिओ सातवा. पेन्सिल तिसऱ्या रांगेत कडेला, शेजारी तिचे वडील – आज इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. मला दोघांची नुसती डोकी दिसत होती मागून.

आमचं नाव पुकारलं. तिपाईने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. फाइलवर दोनदा बटण दाबलं.

सुरुवातीला खिडकी, बोटं, जिना. दहा-बारा सेकंद सगळं त्यांना हवं तसं. मग 'पाठ फिरव' – आणि चेहरा! पूर्ण भिंतीएवढा. कुणीतरी 'अरे वा' म्हणालं. मग सभागृह एकदम शांत. असं शांत की एसीची घरघर ऐकू यावी. मी पडद्याकडे बघतच नव्हते, लोकांकडे बघत होते. पाचशे डोळे तिच्यावर. ज्या पोरीला कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, तिला सगळे बघत होते, आणि ते मी केलं होतं.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर पेन्सिल उठली. वाकून, दोन्ही हातांनी तोंड धरून, लोकांच्या पायांवरून वाट काढत. बाप लगेच मागोमाग. दारातल्या उजेडात दिसलं – त्यांनी तिच्या खांद्याभोवती हात टाकला होता आणि तिला बाहेर नेत होते. घेऊन गेले! तिचंच गाणं चाललेलं असताना, तिच्याच चेहऱ्यासमोरून! मला क्षणभर घुंगरांचा आवाज आला कानात. उठून धावणारच होते. पण मशीन सोडता येत नव्हतं.

मग टाळ्या. किती वेळ! लोक उभे राहिले. सर माइकवर गेले आणि या गटाने धाडस दाखवलं असं म्हणाले. पाहिलेलाच नव्हता ना! पहिला क्रमांक आम्हाला. मी स्टेजवर गेले, तिपाई आला, तिसरी जागा रिकामी. मी मुद्दाम ती जागा सोडून उभी राहिले, की सगळ्यांना दिसावं कोण नाहीये आणि का नाहीये.

सरांनी लगेच कॉलेजच्या चॅनेलवर टाकायला सांगितलं. पासवर्ड माझ्याकडेच असतो. टाकला. नाव दिलं – 'पाठ फिरव, मग सांगते'. खाली गायिका म्हणून तिचं पूर्ण नाव. पूर्ण! कुणाच्या परवानगीविना.

आठवीतल्या मला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आज त्या वसूल केल्या.


२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून फोन करतेय. बंद. काढून घेतला असणार.

व्हिडिओ अकराशे लोकांनी पाहिला. खाली लिहितात – कोण ही, कुठे राहते, हिचं आणखी काही आहे का.

आईच्या फोनवर बाबांनीही पाहिला. मी भांडी पुसत होते. ते दारात येऊन म्हणाले, आवाज फार गोड आहे. मग म्हणाले, "पण ती मुलगी अवघडलीय गं. उभं राहवत नाहीये तिला."

आणि माझा तोल गेला. सात वर्षांचं सगळं बाहेर पडलं. तुम्हाला काय कळतं म्हणाले, तुम्हाला फक्त खाली उतरवता येतं म्हणाले. आई हातातलं टाकून बाहेर आली. मला वाटलं बाबा ओरडतील, नाहीतर टीव्हीसमोर जाऊन बसतील. ते तिथेच उभे राहिले. म्हणाले, "हो. ते चुकलंच माझं. तुला नाचायचं होतं."

एवढंच. आणि गेले.

मी जिंकले ना? मग ताट पुसून पुसून चरे का पाडले त्याला?


२३ फेब्रुवारी, सोमवार

पेन्सिल कॉलेजला आली नाही. तिपाई माझ्या बाकाला टेकला नाही. दुसरीकडे जाऊन टेकला.

उद्या दुकानात जाणार. बापाच्या तोंडावर सांगणार, पोरीला कोंडून ठेवाल तर पोलिसांत जाईन. मी घाबरत नाही कुणाला.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. जिन्यावर म्हणून ठेवलेलं सगळं त्यांच्यासमोर एका दमात म्हणाले. त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "बाळ, मी कशाला अडवू? तिचं गाणं मी गिऱ्हाइकांना ऐकवतो. पत्र माझ्या अक्षरात आहे, सांगणारी ती. कुणी तिच्याकडे बघितलेलं तिला नाही आवडत. म्हणाली, बाबा, मला मैत्रिणीला 'नाही' म्हणता येत नाही, ती ऐकत नाही, तुम्ही नाही म्हणा."

मी विचारलं, आत येऊ का?

ते म्हणाले, तिला विचारून येतो.

ते पडद्यामागे गेले तेवढ्यात मी फोनवरून व्हिडिओ काढून टाकला. दोन हजार तीनशे लोकांचा पाहून झाला होता.

ते बाहेर आले. "आत्ता नको म्हणते."

बरं, मी म्हणाले. आणि जिना उतरले.